शिट्टी हाती घेतल्यावर

खेळाडू असताना डोळे सतत चेंडूवर असतात. प्रशिक्षक झालं की ते चेंडूवरून काढून मुलांच्या पायांवर ठेवावे लागतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात मी व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशर म्हणून खेळलो. पुढे गुडघे कुरकुरू लागले आणि शिकवायला लागलो, तेव्हा हे हळूहळू उमगत गेलं.

रिसीव्ह, म्हणजे समोरून आलेला चेंडू घेणं, बिघडते ती बहुतेक वेळा पायांमुळे. मूल वेळेत चेंडूखाली पोचलं नाही की हात आडवेतिडवे जातात. म्हणून नव्या मुलांना मी आधी जाळीजवळ नेतच नाही. गुडघे वाकवून, मनगटं जुळवून उभं करतो, समोरून हाताने चेंडू टाकतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. चेंडू मनगटाच्या वरच्या सपाट भागावर लागला पाहिजे. अंगठ्यांवर लागला की भलतीकडेच उडतो. स्मॅश मारायची हौस सगळ्यांनाच असते. पण पहिला चेंडू स्मॅशसाठी उचलून देणाऱ्या लिफ्टरकडे नीट गेला नाही, तर उंचापुरा स्मॅशरही काही करू शकत नाही.

आम्ही खेळायचो तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा आणि सेट १५ गुणांचा असायचा. आता प्रत्येक रॅलीला गुण आणि सेट २५ चा. चूक झाली की गुण थेट समोरच्याला, त्यामुळे रिसीव्हची किंमत वाढली. १९९८ मध्ये लिबेरो आला. वेगळ्या रंगाच्या जर्सीतला हा खेळाडू मागच्या रांगेत खेळतो. त्याला ब्लॉक करता येत नाही, जाळीच्या वरून स्मॅश मारता येत नाही. त्याचं काम चेंडू उचलण्याचं.

आमच्या जिल्ह्याला या नियमाने मोठी वाट करून दिली. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आश्रमशाळेत आलेली बरीच मुलं अंगाने लहान असतात. पुरुषांच्या खेळातली जाळी २.४३ मीटर उंच. तिच्याकडे पाहून ही मुलं आपणहून मागे सरकतात. अशाच बाजूला उभ्या राहिलेल्या एका मुलाला मी मागच्या रांगेत घेतलं. समोरच्याचा खांदा वळला की हा निघालेला असायचा. चेंडू जमिनीला लागायच्या आत त्याचे हात खाली असत. ही समज त्याच्यात आधीपासूनच होती. मी फक्त त्याला जागा दाखवली.

मात्र संघ टिकवणं अवघड. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि काही मुलं त्यांच्याबरोबर निघून जातात. परत आली की पुन्हा अंडरहँडपासून सुरुवात. हे काम एका हंगामात उरकणारं नाही, इथल्याच माणसाचं ते आहे.

भारतीय व्हॉलीबॉलमध्ये ए. रमणा राव आणि जी. ई. श्रीधरन यांना खेळासाठी अर्जुन आणि प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य असे दोन्ही पुरस्कार मिळाले. शिकवणं म्हणजे खेळ संपल्यावरची सोय नव्हे. ती त्याच तोलाची दुसरी कारकीर्द आहे.

नंदुरबारमधून खेळून क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलेल्या मित्रांना म्हणूनच सांगणं आहे: सुट्टीत गावी आलात की तासभर शाळेच्या मैदानावर जा. आपल्या मुलांना दुरून आलेल्या पाहुण्यांच्या भाषणांपेक्षा, त्यांच्याच मातीत घडलेल्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या खेळाडूची जास्त गरज आहे.