दादीचा सबर आणि आमची सोय

दादी जाऊन बरीच वर्षं झाली. पण घरावर संकट आलं की तिचं नाव निघतंच. पीक गेलं, नोकरी सुटली, कुणाची सोयरीक मोडली, की मोठी माणसं म्हणतात, "दादीला आठवा. सबर करा." आम्ही नातवंडं हे ऐकतच वाढलो. आता आमच्याही तोंडून तेच निघतं. अलीकडे मात्र हा शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळते.

दादी बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात दादा काम शोधायला मुंबईकडे गेले आणि चार लेकरं घेऊन ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. राज्यात लाखो माणसं तेव्हा अशा कामांवर होती. घरात लाल मिलोची भाकरी, लेकरांच्या हातावर सुकडी. ऑक्टोबरात रमजान आला, तेव्हा रोजे धरून तिने हातोडा चालवला. तिच्या तळव्यांवरचे घट्टे आम्ही लहानपणी बोटांनी चाचपायचो. तिथे तिला गुदगुल्या होत नसत.

पण आम्हाला ठाऊक असलेली खरी गोष्ट पुढे आहे. मजुरी कामाच्या मापावर मिळे. दादीला लिहिता येत नव्हतं. म्हणून जितक्या टोपल्या खडी, तितक्या गाठी ती एका चिंधीला मारायची. पगाराच्या दिवशी मुकादमाने माप कमी धरलं. तिने चिंधी त्याच्यापुढे ठेवली. तो हसला. ती तिथेच बसली. हळूहळू इतर बायाही येऊन बसल्या. "हक का है, खैरात नै," एवढंच ती म्हणत राहिली. दिवस मावळताना पैसे मिळाले.

हीच दादी पुढे माहेरच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा गप्प राहिली. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, तिने अंगठा लावला आणि मुक्कामाला न थांबता परत आली. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा ठरवून दिलेला आहे. तो भावांच्या मेहेरबानीचा नाही. हे तिला माहीत नव्हतं असं आम्हाला वाटत नाही. पण हिस्सा मागितला तर माहेरचा दरवाजा बंद होईल, ईदला न्यायला कुणी येणार नाही, ही धास्ती होती. आमच्या घराने त्या धास्तीलाही सबर म्हटलं, आणि खडीवरच्या बसून राहण्यालाही सबरच म्हटलं.

या दोन्ही गोष्टी एक कशा असतील?

सूरह अस्र तीन आयतींची. नमाजात आम्ही ती वारंवार म्हणतो (छोटी आहे म्हणून सोयीची पडते, हेही कबूल करू). तिथे माणसांनी एकमेकांना ज्या गोष्टींची ताकीद द्यायची, त्यांत आधी हक येतो, मग सबर. तिथे हक म्हणजे सत्य. आपल्या बोलीत त्याच शब्दाने आपण अधिकारही सांगतो. हक सोडून दिल्यावर जे उरतं, त्याला सबर म्हणायचं का? दादीचं सोसणं खोटं नव्हतं. त्याने चार लेकरं जगली, आम्ही शिकलो. पण तिच्या सोसण्याचं कौतुक करताना तिला ते कुणी सोसायला लावलं, हे विचारायचं आम्ही टाळत आलो. कारण त्या प्रश्नाचं बोट आमच्याकडेही वळतं.

गेल्या वर्षी वडील गेले. साडेतीन एकर जमीन, जुनं घर. आम्ही भावांनी तलाठ्याकडे जाण्याआधी बहिणीसाठी हक्कसोडपत्र तयार करून घेतलं. तिने विचारलं, "माझा हिस्सा?" आमच्यापैकी एक जण पटकन बोलून गेला, "दादीने कधी मागितला होता का? जरा सबर कर."

ती चिडली नाही. म्हणाली, "दादीची ती गाठींची चिंधी कुठे आहे?"

चिंधी कुणी जपून ठेवली नव्हती. आम्ही पेट्या, संदूक सगळं उलथून पाहिलं. कागद मात्र अजून कपाटात आहे; सहीची जागा कोरी आहे.