विटेसकट पांडुरंग

गेल्या माघात सप्ताहाच्या कीर्तनासाठी आम्ही दोंडाईच्यास गेलो होतो. मिरचीचे दिवस, स्टेशनाबाहेर पडताच ठसका लागला आणि गाव आले हे कळले. उतरलो ते एका माळकऱ्याच्या घरी. देवघरात शंभरीकडे झुकलेली विठ्ठल-रखुमाईची छापील तसबीर होती. घरच्या आजेसासूबाईंनी त्या कागदावर जर, टिकल्या आणि बारीक मोती खळीने चिकटवून देवाला पीतांबर नेसविला होता. असली कलाकुसर पूर्वी अनेक घरांतून चाले.

आताच्या सूनबाईही हाताच्या तशाच कुशल. त्यांनी तसबिरीचा मोबाइलवर फोटो घेतला, कागदावरचे डाग पुसले, आणि गोल कापून लाकडी चकत्यांवर बसविला. सप्ताहात माळकऱ्यांना प्रसाद म्हणून द्यायच्या साठ चकत्या. काम फार देखणे. आजींनी एक चकती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि आम्हालाच विचारले, "महाराज, देवना पाय कोठे गयात?"

आम्ही गप्प. सूनबाईही गप्प. चकतीच्या वर्तुळात मुखकमल होते, मकरकुंडले होती, तुळशीची माळ अर्धी होती. कटीवरचे कर गेले, चरण गेले, वीट गेली.

आता बघा, पंढरीस मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पददर्शनाची वेगळी. मुखदर्शन लवकर होते. तरी आमचा वारकरी तासन् तास, आषाढीला तर दिवस-दिवस, पददर्शनाच्या बारीत उभा राहतो. कशासाठी? कपाळ त्या पायांवर टेकावे एवढ्यासाठी. आणि पाय तरी कशावर? पुंडलिकाने आईबापांची सेवा करता करता मागे सरकवलेल्या विटेवर. वीट कापली की पुंडलिक गेला, आणि देव इथे का थांबला हेच गेले. उरला तो सुंदर सावळा चेहरा. आजींची तक्रार चित्राची नव्हती, आपले डोके कुठे ठेवावे याची होती.

मग कोणी म्हणेल, देवाच्या चित्राला हातच लावू नये काय? तसे आम्ही म्हणणार नाही. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली, १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईस छापखाना घातला. एकेका रंगाला एकेक शिळा, असे ते शिळाछापाचे काम. त्यामुळे ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव आला. पंढरीचे दार हरिजनांना उघडावे म्हणून आपल्या खानदेशात अंमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. कागदाच्या देवाने तेवढी वाट पाहिली नाही. आणि १९३६ च्या 'संत तुकाराम' बोलपटानंतर विष्णुपंत पागनिसांचेच छायाचित्र तुकोबा म्हणून किती देवघरांत बसले! चित्र बदलले म्हणून देव रुसत नाही.

पण सोय पाहताना स्वरूप मोडू नये. मूळ तसबिरीला कात्री लावू नका. दिवसाच्या उजेडात, काच चमकणार नाही असा फोटो घ्या. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फाटेल. काचेसकट फोटो घ्या. पहिली प्रत तशीच राखून दुसरीवर काम करा. डाग पुसा, फिकट रंग उजळा. मात्र चित्र आरशासारखे उलटे झाले की देवाच्या डावीकडची रखुमाई उजवीकडे जाते, तेवढे जपा. हल्लीची यंत्रे फाटलेला भाग आपणच भरून देतात. तिथे डोळ्यांत तेल घालून पहा. हातांना सहावे बोट फुटते, नाहीतर कटीवरचा हात भलतीकडेच जातो. विकण्यासाठी करीत असाल तर चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, हेही ध्यानात असू द्या. रविवर्मे १९०६ साली गेले, त्यांची अडचण नाही. अलीकडच्या चित्रकाराचे असेल तर विचारून घ्यावे. आणि जी वस्तू उद्या पायदळी जाणार, उष्ट्या पत्रावळीत पडणार, तिच्यावर देव छापूच नये. या बाबतीत आम्ही जरा हट्टी आहोत.

असो. सूनबाईंनी त्या रात्री पुन्हा काम मांडले. गोल सोडून उभ्या पट्ट्या कापल्या, ज्ञानेश्वरीत खूण ठेवायला येतील अशा. वर मुकुट, खाली वीट, आणि विटेखाली बोटभर कोरी जागा. काल्याच्या दिवशी त्या वाटल्या. आजींनी आपली पट्टी घेतली आणि खालचे टोक कपाळाला लावले.

त्या साठ गोल चकत्या मात्र अजून डब्यात आहेत. मोडवत नाहीत, देववत नाहीत, असे सूनबाई म्हणतात.