चि. सुहासला, कोलेस्टेरॉलविषयी

चि. सुहास यास,


तुझा रिपोर्ट वाचला. चाळिशीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ म्हणजे लक्ष घालायलाच हवं. पण सोबत पाठवलेल्या बाटल्यांच्या फोटोची मला जास्त काळजी वाटली. लसणाचा अर्क, हळदीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क! म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वनस्पतींमधले काही घटक हृदयाला उपयोगी पडतात, हे अगदी खरं आहे. ओट्स, जव, राजमा, मेथीदाणे यांत पाण्यात विरघळणारा तंतू असतो. तो आतड्यात बुळबुळीत होतो आणि पित्तातली आम्लं धरून ठेवतो. ही आम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. एरवी त्यातली बहुतेक आतड्यातून परत शोषली जाऊन पुन्हा वापरात येतात. ती शौचावाटे निघून गेली की यकृताला नवी बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतू रोज ३ ग्रॅम पोटात जायला हवा, म्हणजे कोरडे ओट्स साधारण ७५ ग्रॅम. चमचाभर दुधात भुरभुरवून भागत नाही.

तीळ, शेंगदाणे, बदाम यांतली स्टेरॉल्स रचनेनं कोलेस्टेरॉलची सख्खी भावंडं. आतड्यात ती त्याची जागा अडवतात, म्हणून कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. मात्र त्यासाठी रोज सुमारे २ ग्रॅम लागतात आणि साध्या जेवणातून त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच मिळतात. तेव्हा एकट्या तिळावर भिस्त ठेवू नकोस.

सगळं एकत्र आलं की मात्र फरक दिसतो. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी तंतू, सोया, बदाम आणि स्टेरॉल्स एकाच आहारात बसवले. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महिनाभरात एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, जवळजवळ कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीइतकं. पण तिथे जेवण मोजूनमापून दिलेलं होतं. पुढे लोकांना नुसता सल्ला देऊन आपापल्या घरी जेवू दिलं, तेव्हा सहा महिन्यांनी घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो तुझ्यामाझ्यासारख्यांच्या स्वयंपाकघरातला आहे.

आता बाटल्या. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना काही आजार कमी होतात, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला आणि त्यातल्या निम्म्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के आणि एकूण मृत्यू ८ टक्के जास्त निघाले. गाजरातला तोच घटक वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला, तर तो गाजरासारखा वागेलच असं नाही. हळदीच्या तीव्र अर्कानं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. फोडणीतली हळद खुशाल खा, बाटली बंद कर.

आणि लसणाच्या कॅप्सूल दादाला अजिबात देऊ नकोस. हृदयातल्या कृत्रिम झडपेमुळे तो रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेतो, वर लसणाचा अर्क म्हणजे रक्तस्रावाचा धोका. त्याची पालेभाजी मात्र तोडू नका. पालकातल्या के जीवनसत्त्वानं औषधाचा जोर कमी होतो हे खरं, म्हणून दर आठवड्याला ती साधारण सारख्याच प्रमाणात असू दे. एकदम वाढवलीत किंवा बंद केलीत तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचा आकडा, हलतो.

तुझ्यासाठी जवस पाठवते आहे. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस सहा महिने दिलं, तेव्हा वरचा रक्तदाब सुमारे १० अंकांनी कमी आढळला. अख्खं खाल्लंस तर बरंचसं तसंच बाहेर पडेल. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, गार होऊ दे, मग लाल मिरची, जिरं आणि दोन पाकळ्या लसूण घालून कूट. मीठ अगदी बेतानं. ही चटणी थोडी थोडी कर, कुटलेलं जवस लवकर खवट होतं.

डॉक्टरांनी स्टॅटिन सांगितलं तर जवसाच्या भरवशावर टाळू नकोस. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा कर आणि आकडे मला कळव.

तुझी,
मालूआत्या