पेटीत कचरा टाकणाऱ्यांनो, उभे राहा

बसू नका. आठवी ब, सगळे उभेच राहा. काल तक्रारपेटी उघडली. आत काय निघालं? कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं, गुटख्याची पुडी आणि माझ्या टकलाचं चित्र. चित्र बरं जमलंय, त्यासाठी कुणाला शिक्षा नाही. पण त्या कचऱ्याखाली एक चिठ्ठी दबली होती. तिच्यात एकच ओळ: ‘मला वर्गात कुणी नावानं हाक मारत नाही.’ अक्षरावरून शोध लावायला जाऊ नका. चिठ्ठी माझ्याकडे राहील.

कुठल्या नावानं हाका मारता, तेही कळलंय. ‘कोपीवाला’. त्याचे आईबाप बीडकडून ऊस तोडायला येतात, कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात, अंधार असतानाच फडात उतरतात. तुमच्या घरी उसाचं बिल येतं ते त्यांनी तोडलेल्या उसाचं. त्याच बिलातून घेतलेल्या मोबाइलवर त्याच पोराचे स्टिकर बनवता? वर पुन्हा कोयता हातात घेतलेल्या कुणाचं तरी रील स्टेटसला लावता! ज्या बाया दिवसभर खरा कोयता चालवतात ना, त्यांच्या तळहातावरचे घट्टे एकदा बघून या.

‘सर, मस्करी होती.’ कोण म्हणालं? पुढं ये आणि ऐक.

30 सप्टेंबर 2024, सोमवार. बारामतीत कॉलेजच्या आवारात बारावीतल्या मुलाचा खून झाला. वय सतरा. संशयित म्हणून समोर आली ती बरोबर शिकणारी मुलं, तीही अल्पवयीन. बाहेरून कुणी गुंड आला नव्हता. आणि भांडण त्या दिवसाचं नव्हतं, आधीचं होतं. आधीचं भांडण कधीच फक्त दोघांना माहीत नसतं. बाकावरच्या मित्राला माहीत असतं, ग्रुपवरच्यांना माहीत असतं, आणि सगळे गप्प असतात, कारण सांगितलं तर चुगलखोर ठरू. तुम्हीही याच भीतीनं गप्प बसता आणि तिला मैत्री म्हणता. त्या घटनेनंतर बारामतीत ‘शक्ती अभियान’ निघालं, अशाच तक्रारींसाठी शक्तीपेट्या आल्या. पेटी भिंतीला ठोकायला चार खिळे पुरतात. तिच्यात खरं लिहायला छाती लागते. तुमच्यात ती एकाकडेच निघाली आणि त्यालाच तुम्ही कोपऱ्यात बसवलंत.

आपलं इंदापूर तसं नाही, असं मनात म्हणू नका. तीन वर्षांनी तुमच्यातले कितीतरी जण बारामतीच्याच कॉलेजात अकरावीला असतील. इथली सवय घेऊनच जाल.

दारात उभ्या असलेल्या सर-मॅडमनाही सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मारायला बंदी घालतं, तशीच मानसिक छळालाही. ‘कोपीवाला’ हा शब्द या वर्गात पहिल्यांदा हजेरी घेताना उच्चारला गेला. कुणी, ते मला ठाऊक आहे. आपण मधल्या सुट्टीत बोलू. पोरांसमोर नाही, तेवढी लाज मी तुमची राखतो.

फळ्यावर दोन हेल्पलाइन नंबर लिहितोय, वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. 1098, मुलांसाठी. 14416, मन बिथरलं, झोप उडाली, जगणं नको वाटलं तर. तिथं मराठीत बोलता येतं. ‘रडका’ म्हणून ज्याला चिडवता, त्याच्याही वहीत हे उतरलेत का ते शेजारच्यानं बघायचं.

आणि शनिवारी पालकसभा आहे. दर वेळी आयाच येतात, खालमानेनं ऐकून घेतात आणि जातात. या वेळी वडील हवेत. रात्री लाइट होती, उसाला पाणी धरलं होतं, झोप झाली नाही, हे कारण चालणार नाही. साखर कारखान्याच्या निवडणुकीला तसेच जागे राहून येतात की. ज्याचे वडील आले नाहीत त्याच्या घरी रविवारी मी स्वतः येईन. चहा टाकायला सांगू नका.