हेरांच्या गोष्टी आणि आपलीं मुलें

हेरांच्या साहसकथा मुलांस फार आवडतात. त्या वाचून मुलें खोटें बोलावयास शिकतील काय, असें आईबाप विचारतात. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे: मुलास हेर करणारा वडील माणूस कोण, आणि त्यास हा अधिकार कोणीं दिला?

रुड्यार्ड किपलिंग यांच्या १९०१ सालच्या ‘किम’ कादंबरींत लाहोरच्या पोरक्या किमच्या शिक्षणाचा पैसा वृद्ध लामा भरतो. कर्नल क्रेटन त्याच शिक्षणांतून सरकारचा हेर घडवितो. एक देतो, दुसरा त्यावर आपलें काम साधतो. ॲन्थनी हॉरोविट्झ यांच्या २००० सालच्या ‘स्टॉर्मब्रेकर’ मध्यें चुलता मेल्यावर १४ वर्षांच्या ॲलेक्सला ब्रिटिश हेरखातें कामास लावितें. नकार दिल्यास त्याला सांभाळणाऱ्या बाईस देश सोडावा लागेल, असा धाक घालितें.

वाचकहो, हें दूरचें वाटतें काय? सावकार दारीं येतांच, ‘बाबा घरीं नाहींत असें सांग,’ म्हणून लेकरास पुढें करणारा बाप दुसरें काय करितो?

म्हणून पुस्तक हिसकावूं नये. मुलाजवळ बसून विचारावें, ‘याला तेथें कोणीं पाठविलें? तो स्वतः कां गेला नाहीं?’ मात्र हाच प्रश्न मूल आपणांसही विचारील, हें जाणून असावें.