नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. पहिल्याने बालकाला ओळख लाभते. दुसऱ्याने मोठ्या माणसाची ओळख हिरावली जाते. हे अंतर कसे राखावे, याचा धडा आम्हांस वरळीच्या एका चिमुकल्या बेडकाकडून घेता येईल.

मुंबईची भूमी लाव्ह्यातून घडली. दोन उद्रेकांमधील शांत काळात पाण्याखाली गाळ साचला व त्याचा खडक झाला. वरळीच्या टेकडीतील अशा थरांत सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या बेडकांचे नाजूक सांगाडे आढळले. १८४७ साली इंग्लंडमधील रिचर्ड ओवेन यांनी मुंबईच्या या बेडकाचे वर्णन करून त्यास 'राना पुसिला' हे नाव दिले. 'पुसिला' म्हणजे चिमुकली. १९३० साली न्यूयॉर्कच्या जी. के. नोबल यांनी ही हाडे पुन्हा तपासली. हा बेडूक 'राना' प्रजातीत बसत नाही, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी 'इंडोबॅट्राकस' ही नवी प्रजाती मांडली. मात्र 'पुसिलस' हे जातिनाम टिकले. त्यापुढे ओवेन यांचे नाव व साल आजही कंसात लिहितात. प्रजाती पुढे बदलली, याची ती खूण होय.

त्या मुक्या बेडकाचे चुकीच्या नावाने काय बिघडणार होते? तरीही ८३ वर्षांनी दुरुस्ती झाली. कारण ज्याला इजा होते त्याच्याचपुरते सत्य देणे लागत नाही. शिवाय दुरुस्ती शक्य झाली ती नमुने जपले होते म्हणून. आजही नवी जाती मांडणाऱ्याने आपला नमुना इतरांस तपासता येईल असा ठेवावा लागतो.

आता लालबाग-परळच्या चाळीत किंवा चर्चच्या अंगणात आपण शेजाऱ्याचे जे वर्णन करतो, त्याचा नमुना कोठे असतो? 'तो आळशी', 'ती गर्विष्ठ', हे पाहिलेले की ऐकलेले? मग मौनच बरे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. अन्यायाला अन्याय म्हणावेच लागते. ओवेन गप्प राहिले असते, तर नोबल यांना सुधारण्यास काही उरलेच नसते.

उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वराने प्राणी आधी आदामासमोर आणले, मग त्याने नावे दिली. समोर पाहणे आधी, नाव नंतर. आणि आपण दिलेल्या नावाभोवती उद्या कोणी कंस घातला, तर त्यास मनापासून जागा द्यावी.