सल्ल्याचे फळ कोणाचे?

सल्लागाराच्या व्यवसायात काम एकाचे असते आणि ते तडीस नेणे दुसऱ्याच्या हाती असते. भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात उत्पादनखर्च का वाढतो आहे, हे शोधायला बाहेरचा जाणकार बोलावला जातो. तो महिनाभर यंत्रे, माणसे आणि हिशेब पाहतो, अहवाल देतो आणि निघून जातो. पुढे अहवालाप्रमाणे बदल होतात किंवा अहवाल कपाटात पडून राहतो. अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यात आणि तेरच्या गोरा कुंभाराने आपल्या चाकावर भक्ती पाहिली. त्यांच्या कष्टाचे फळ भाजी किंवा मडके होऊन समोर येत होते. सल्लागारासमोर असे काही येत नाही. म्हणूनच एकट्याने किंवा दोनचार सहकाऱ्यांसह चालवलेल्या अशा लहान पेढीत कर्म आणि फळ यांच्या नात्याचा जुना प्रश्न रोजच्या व्यवहारात उभा राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत परिचित उत्तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकात आहे. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, फळ हा कर्माचा हेतू नसावा आणि कर्म न करण्याचीही ओढ नसावी. पहिल्या दोन गोष्टी सर्वांच्या तोंडी असतात. चौथी बहुधा विसरली जाते. फळावर अधिकार का नाही, याचे कारण अठराव्या अध्यायात येते. कोणतेही कर्म घडण्यास तेथे पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध क्रिया आणि दैव. कर्ता हा पाचांतील एक. कारखान्याच्या उदाहरणात मालकाची इच्छा, कामगारांची साथ, बँकेचे कर्ज आणि बाजारातील मागणी यांची जुळणी झाली तरच सल्ला फळतो. एकट्या स्वतःला कर्ता समजणाऱ्याला गीता दुर्मती म्हणते. यश आले की ‘हे माझ्यामुळे’ म्हणणारा आणि अपयश आले की खचणारा, दोघांचीही चूक मग एकच ठरते.

या शिकवणीचा अर्थ लावताना भाष्यकारांत मतभेद आहेत. शंकराचार्यांच्या मते कर्माने चित्तशुद्धी होते, पण मोक्ष ज्ञानानेच मिळतो आणि ज्ञानाची परिणती कर्मसंन्यासात होते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याच्या उलट बाजू मांडली: ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या हितासाठी, कर्म चालू ठेवलेच पाहिजे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत भर दिला तो ‘विकर्मा’वर. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळणे म्हणजे विकर्म. ती मिळाली की कर्माचे ओझे वाटेनासे होते आणि ते अकर्म बनते. लहान पेढी चालवणाऱ्याला टिळकांचा अर्थ काम कोणासाठी करायचे ते सांगतो, तर विनोबांचा अर्थ ते कसे करायचे ते सांगतो.

फळाचा विचार सोडला तर काम ढिसाळ होईल, असा आक्षेप घेतला जातो. गीतेने त्याला जागा ठेवलेली नाही. पुढचे परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला पोचणारी इजा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता आरंभलेल्या कर्माला अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. म्हणजे परिणामांचा अंदाज घेणे हा कर्माचाच भाग आहे. सोडायची आहे ती आसक्ती. कामगारकपात सुचवणाऱ्या सल्लागाराने कोणाची चूल विझेल याचा हिशेब मांडलाच पाहिजे. आपल्या आवाक्याबाहेरचे काम पैशासाठी पत्करणे हेही याच कसोटीवर तामस ठरते.

मग फी कशाची? व्यावसायिक नियमांनी याचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यानुसार, नियमांनी दिलेले अपवाद वगळता, नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी आकारणे हे गैरवर्तन आहे. बार कौन्सिलचे नियमही वकिलाला दाव्याच्या निकालावर फी ठरवू देत नाहीत. फी अभ्यासाची, वेळेची आणि सचोटीची असते. फळात वाटा ठेवला की सल्ल्याचा तोल जातो. ग्राहकाला न आवडणारे सत्य सांगणे जड जाते. व्यवस्थापन सल्लागारांवर असा कायदा नाही. तेथे ही मर्यादा ज्याची त्यानेच पाळायची असते.

आसक्तीचे आणखी एक रूप या धंद्यात लपून असते. महिन्याला ठरलेली रक्कम सुटू नये म्हणून ग्राहकाला आपल्यावर अवलंबून ठेवण्याचा मोह होतो. थकलेली येणी आणि पुढच्या कामाची अनिश्चिती यांमुळे तो वाढतो. ही काळजी खोटी नसते. घर चालवणे हेही कर्तव्यच आहे. पण रास्त फी वेळेवर मागणे वेगळे आणि गरज संपल्यावरही गरज भासवत राहणे वेगळे.

अशा कामाची वीस-तीस वर्षे मागे वळून पाहिली, तर दाखवायला वास्तू किंवा वस्तू उरलेली नसते. उरते ती इतरांची सुधारलेली कामाची रीत, आणि तिच्यावर सल्लागाराचे नाव नसते. लोकसंग्रहाचे स्वरूपच असे आहे. ज्या कारखान्याला आता सल्लागाराची गरज उरलेली नाही, तेथे त्याचे काम पूर्ण झाले असे समजावे.